कापूस वेचून आलेलं पोरगं आणि ५२ वजा २८

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढायला लागतात. यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या पट्ट्यात सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून कापसाचा पहिला वेचा सुरू झाला, की तिसरी-चौथीतलं पोरगं एक तर आईच्या पातीला लागलेलं असतं, नाही तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धाकट्या भावाला सांभाळत बसलेलं. पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत हेच धानाच्या रोवणीला होतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलांच्या दिवसांत पुन्हा होतं. पोरगं परत येतं. दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी. आणि आल्या आल्या त्याला बहुतेक वर्गांत एकच काम मिळतं: "शेजारच्याची वही घे अन् राहिलेलं उतरवून काढ."

याच्याइतकं निरुपयोगी काम दुसरं नाही. मूल दोन दिवस मान मोडून उतरवतं, वही भरते, तपासणीला दाखवता येते. पण ज्याला 'परिच्छेद' वाचता येत नाही त्यालाही तो शब्द मोत्यासारख्या अक्षरात उतरवता येतो. आपल्याकडे सुंदर उतरवणारी आणि अजिबात न वाचणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. ती सापडत नाहीत, कारण वही स्वच्छ असते. शोधायचीच असतील तर त्याच्याच वहीतल्या ओळीवर बोट ठेवा आणि शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा. पाठ केलेलं लगेच उघडं पडतं.

परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी "कुठं होतास इतके दिवस?" हे विचारू नये. कुठं होता ते आपल्याला माहीत असतं, आणि त्यालाही माहीत असतं की आपल्याला माहीत आहे. त्याऐवजी पाच मिनिटं त्याला बाजूला घ्यावं, व्हरांड्यात बसलात तरी चालेल. एका कागदावर दहा अक्षरं, दहा सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट लिहिलेली असावी. मुलांना वाचता आणि गणित करता येतं का ते पाहणाऱ्या, २००५ पासून होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात वापरतात तीच ही शिडी. सुरुवात उताऱ्यापासून करायची. जमला तर वर गोष्टीकडे, अडला तर खाली शब्दांकडे. शब्द पाच विचारायचे, चार बरोबर आले तर तो शब्दांवर उभा आहे असं धरायचं. नाही आले तर अक्षरं, तीही तशीच पाचात चार.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, आपण ओठ हलवतो. मूल 'वि' म्हणून थांबलं की आपल्या तोंडून 'हीर' निघून जातं. दुसरी, कागद एकच असतो आणि तो महिनाभरात सगळ्या वर्गाचा पाठ होतो. तीन वेगळे कागद करून ठेवा.

आता लिहिण्याकडे येऊ, कारण वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या वहीत सगळ्यात जास्त लाल शाई इथेच सांडते. 'डोया', 'शाया', 'इहीर', 'इंचू', 'पानी', 'मले'. ही यादी पाहून "याला काहीच येत नाही" असा शेरा मारला जातो. खरं तर या मुलाला बरंच काही येतं. घरात, गल्लीत, गोठ्यात 'ळ'चा उच्चार 'य' होतो, शब्दाच्या सुरुवातीचा 'वि' 'इ' होतो, 'ला'चा 'ले' होतो. त्यानं ऐकलेला आवाज अचूक पकडला आणि त्या आवाजाचं बरोबर अक्षर लिहिलं. म्हणजे आवाज आणि अक्षर यांची गाठ पक्की आहे, फक्त पुस्तकातला उच्चार वेगळा आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. याउलट जो 'पान'ला 'पन' किंवा 'डोळा'ला 'डळा' लिहितो, त्याची गाठच बसलेली नाही, त्याला काना-मात्रा ऐकू येत नाहीत. दोघांच्या वहीत चुका सारख्याच संख्येनं असतील, पण पहिल्याला आठवडाभर पुरे आणि दुसऱ्याला बाराखडीपासून सहा-आठ आठवडे लागतील. दोघांना एकच शुद्धलेखन दहा वेळा लिहायला लावलं तर दोघांचाही वेळ वाया.

पहिल्या प्रकारच्या मुलासाठी फळ्यावर दोन रकाने आखा: 'घरी म्हणतो' आणि 'पुस्तकात लिहितो'. 'डोया' पुसू नका, डाव्या रकान्यात राहू द्या. शब्द मुलांनीच द्यायचे, दिवसाला सहा पुरेत. मग श्रुतलेखन घ्या, पण त्यात सगळे 'ळ'चे शब्द घेऊ नका. घेतले की तिसऱ्या दिवशी मुलं 'गाय'ला 'गाळ' आणि 'पाय'ला 'पाळ' लिहायला लागतात, कारण 'य' दिसला की 'ळ' करायचा एवढंच ती शिकतात. सहातले चार 'ळ'चे आणि दोन खऱ्या 'य'चे ठेवा. माळ-माय, गाळ-गाय, साळ-साय, काळ-काय अशा जोड्या सोन्यासारख्या आहेत, कारण बोलताना दोन्हीचा उच्चार एक होतो आणि अर्थावरूनच अक्षर ठरवावं लागतं. "गळ्यात घालतो ती" असं सांगून शब्द लिहायला द्या, नुसता शब्द उच्चारू नका.

आणि एक. मूल बोलत असताना दुरुस्त करू नये. "सर, मले पानी प्याले जाऊ द्या" यावर "मला, पाणी, प्यायला" असं तीनदा ऐकलेलं मूल चौथ्यांदा हातच वर करत नाही.

धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळच्या पांढरकवडा भागात कोलामी बोलणाऱ्या घरांतली मुलं आली तर हे सगळं लागू होत नाही. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी आणि कोलामी द्राविडी. त्या मुलाला उच्चार वेगळा वाटतो असं नाही, शब्दच अनोळखी असतो. तिथे आधी वस्तू, मग मुलाच्या भाषेतला शब्द, मग मराठी शब्द, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी. शिक्षकानं पहिल्या महिन्यात त्यांच्या भाषेतले पन्नास शब्द शिकावेत: भूक, ताप, दुखतंय, घरी जायचं, समजलं नाही. शिकवणारी मुलंच असतील, आणि त्या दिवशी वर्गात कोण हुशार ते जरा उलटंपालटं होतं, ते होऊ द्यावं.

गणिताकडे. वजाबाकी तपासायला बरेच जण ५२ − २७ घालतात. घालू नका. उत्तर ३५ आलं तर मूल नेमकं कुठं घसरलं ते कळत नाही. एखादा सातातून दोन वजा करून पाच लिहितो, म्हणजे मोठ्यातून लहान, वरचा-खालचा न पाहता. दुसरा हातचा घेऊन बारातून सात बरोबर वजा करतो, पण दशकातला एक कमी करायला विसरतो. दोघांचंही उत्तर ३५. त्याऐवजी ५२ − २८ द्या. ३६ आलं तर पहिली चूक. ३४ आलं तर दुसरी. ८० आलं तर पोरानं चिन्हच पाहिलं नाही, बेरीज केली. बरोबर उत्तर २४. एका उदाहरणात वर्गाचे चार गट समोर येतात. पडताळायला ६१ − ३४ द्या: तिथे पहिली चूक ३३ दाखवते, दुसरी ३७.

३४ लिहिणाऱ्याला काड्या-गठ्ठे देऊ नका, तो कंटाळेल. त्याला फक्त सवय लावायची: एककाला हात लावण्याआधी पाच खोडून वर चार लिहायचे. दोन-तीन दिवसांत बसतं. ३६ लिहिणाऱ्याला मात्र काड्या लागतातच, कारण त्याच्या लेखी ५२ म्हणजे पाच आणि दोन, शेजारी ठेवलेले.

काड्या तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या झाडाच्या, करा. पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या घ्यायच्या, बोटभर लांबीचे तुकडे, टोकं फरशीवर घासून बोथट. चार मुलांच्या गटाला ११० काड्या: दहा-दहाचे नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापा. दुकानातलं रबर उन्हानं चिकट होऊन तुटतं. शाळेत आलेल्या पेटीतले प्लॅस्टिकचे दशकाचे दांडे दिसायला छान, पण ते सुटत नाहीत. एक दशक देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, आणि कच्च्या मुलाला ती अदलाबदल जादूसारखी वाटते. गठ्ठा स्वतः सोडला की त्यातून दहा निघतात हे हाताला कळतं.

पहिले दोन दिवस फक्त काड्या, लिहिणं नाही. पाच गठ्ठे, दोन सुट्या. आठ द्यायच्या आहेत, सुट्या दोनच. एक गठ्ठा सोड. किती गठ्ठे उरले, सुट्या किती झाल्या? चार आणि बारा. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी काड्या आणि पाटी शेजारी: गठ्ठा सोडला की त्याच क्षणी पाटीवर पाच खोडून चार. हा मधला टप्पाच बहुतेक वेळा गाळला जातो. सोमवारी काड्या, मंगळवारी वही. मुलाला ते दोन वेगळे खेळ वाटतात, आणि वहीत पुन्हा ३६ येतात.

संख्यानामांचा गोंधळ वेगळा धरा. 'पंचेचाळीस' ऐकून ५४ लिहिणारं मूल कानाशी प्रामाणिक असतं, कारण पाच आधी ऐकू येतो. 'एकोणसाठ'ला ६९ लिहिणाऱ्यानं साठ ऐकला आणि नऊ आठवला. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी पद्धत जोडीला दिली तेव्हा तिची बरीच टिंगल झाली. टेकू म्हणून ती चांगली आहे. ५४ लिहिणाऱ्याला आठवडाभर 'चाळीस पाच, पंचेचाळीस' असं जोडून म्हणू द्या. जुनी नावं सोडायची नाहीत, बाजारात तीच चालतात. कापूस वेचून आलेल्या पोराला तर वजनकाट्याची संख्या तोंडपाठ असते. सकाळी किती किलो, दुपारी किती, यंदाचा वेचाईचा दर काय, हे त्यालाच विचारून उदाहरण घाला, पण कमाईचे आकडे वर्गात एकमेकांशी ताडू नका.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, निकषानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे एकाकडे पहिली-दुसरी आणि एकाकडे तिसरी-चौथी. चाळीस मिनिटांची तासिका अशी कापता येते: दहा मिनिटं दोन्ही इयत्ता एकत्र तोंडी, बारा मिनिटं एका गटाजवळ, बारा दुसऱ्याजवळ, सहा मिनिटं एकत्र तपासणी. ज्या गटाजवळ तुम्ही नाही त्याचं काम कालच्या शिकवलेल्यावरचं असावं, आजच्यावरचं नाही. हा एक नियम मोडला की दर मिनिटाला कुणीतरी "सर, पुढं काय?" म्हणत येतं. काम लवकर संपलेल्यांसाठी फळ्याच्या कोपऱ्यात दुसरं काम आधीच लिहून ठेवा. परत आलेल्या मुलाची पंधरा मिनिटं या बारा अधिक सहामधून निघतात, रोज, दहा दिवस. जोडीला वर्गातला पहिला नंबर देऊ नका, तो उत्तर सांगून मोकळा होतो. एकच पायरी पुढं असलेलं मूल द्या, त्याला ती पायरी कशी चढली ते अजून आठवत असतं.

पत्र्यावर जोराचा पाऊस कोसळत असेल तर तोंडी काम सोडा, पाट्या काढा.

मूल कुटुंबाबरोबर दुसऱ्या गावी जाणार असं कळलं तर जाण्याआधी शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या शाळेसाठी द्यायचं कार्ड) हातात द्या आणि त्याच्या मागे तीन ओळी लिहा: वाचनात कुठल्या पायरीवर, वजाबाकीत कोणती चूक, काय चालू होतं. तिथल्या शाळेला दाखल्यावाचून मूल अडवता येत नाही, पण या तीन ओळींवाचून तिला सुरुवात शून्यापासून करावी लागते.

शिक्षकांनी शिक्षकांना मदत करायची तर शिक्षण परिषदेला, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीला, अहवालाऐवजी तीन वह्या न्याव्यात, ३६ वाली, ३४ वाली आणि एक अशी जी कुणालाच उलगडली नाही. सोबतीच्या शिक्षकाचा वर्ग पाहायचा तर बाराच मिनिटं पाहा आणि कागदावर मुलांच्या बसण्याचा नकाशा काढून जो बोलला त्याच्या जागी एक रेघ मारा. "छान घेतला तास" असं लिहू नका. मागच्या रांगेत, दाराजवळ, कोऱ्या राहिलेल्या चौकटी तो स्वतःच पाहील, आणि परत आलेलं पोरगं बरेचदा तिथेच बसलेलं असतं.

तुराट्यांचं एक राहिलं. पुढच्या वर्षीच्या काड्या जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघाल्यावरच करून घ्या, कडक उन्हात चार दिवस वाळवा आणि झाकणाच्या डब्यात कडुनिंबाच्या पाल्यासकट ठेवा. ओल्या कापलेल्या काड्यांना पावसाळ्यात बुरशी येते, आणि नोव्हेंबरात ११० पैकी चाळीसच उरतात. यंदा करून ठेवल्या नसतील तर कुठल्याही पोराला विचारा, घरामागं चुलीसाठी रचलेल्या असतात.