कृष्णेकडून वेण्णेकडे : वाई–महाबळेश्वर–मेढा–सातारा, सायकलवर

गणपती गेलेले आणि घट अजून बसायचे, अशा मधल्या पंधरवड्यात आम्ही चौघे मित्र वाईहून सायकली घेऊन निघालो. पितृपंधरवड्यात घरी कुठलं कार्य नसतं, खरेदी नसते, त्यामुळे सुट्टी मंजूर होते आणि महाबळेश्वरात खोलीही घासाघीस करून मिळते. बेत साधा होता. पसरणी घाट चढून पाचगणी, भिलारवरून महाबळेश्वर, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी केळघर घाट उतरून मेढा, सातारा आणि महामार्गाने परत वाई. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

या वाटेवर माझा जीव जडला तो नकाशा पाहताना. कृष्णेच्या काठावरून सुरुवात करायची, डोंगर ओलांडून वेण्णेच्या खोऱ्यात उतरायचं आणि मग वेण्णेच्या संगतीनं साताऱ्याकडे यायचं, कारण पुढे संगम माहुलीला ती कृष्णेलाच मिळते.

निघण्यापूर्वी ज्याला त्याला एकच शंका: पसरणी जमेल का? जमतो. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालवणाऱ्या कुणालाही जमतो. या वाटेवर धास्ती घ्यायची ती दुसऱ्या दिवशीच्या उताराची, आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं. आमच्यातल्या एकानं चढासाठी मागच्या चाकाला चौतीस दात्यांची नवी कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, बसवून घेतली होती. ब्रेकपॅड मात्र मागच्या वर्षीचे, पार गुळगुळीत झालेले. वाईत निघायच्या आदल्या रात्री ते बदलले. तुम्ही ते घरीच बदला.

ढोल्या गणपतीला नमस्कार करून सहाच्या सुमाराला निघालो. घाटाची कूस पूर्वेला उघडी आहे, त्यामुळे सूर्य वर आला की ऊन थेट अंगावर येतं, आणि पावसाळा संपत आल्यावरचं ऊन चांगलंच चावतं. वाई साधारण सातशे मीटरवर, पाचगणी जवळपास तेराशेवर, मधलं अंतर बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आतबाहेर. अंगावर येणारा कुठेच नाही, पण उसंतही देत नाही. हलका गिअर टाकायचा, गप्पा मारता येतील इतक्याच दमानं पॅडल मारायचं. बोलताना धाप लागली की समजावं, आपण जोर करतोय. मागे वळून पाहिलं की धोम धरणाचं पाणी आणि कृष्णेचं खोरं दिसतं. कडेला सोनकीचे पिवळे पट्टे आणि ओल्या दरडींवर तेरडा. फोटोसाठी थांबायचं तर वळणावर नको, सरळ तुकड्यावर, रस्त्याच्या पूर्ण बाहेर. शनिवार-रविवारी इथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या निम्म्यांचं लक्ष दरीकडे असतं. शक्यतो मधल्या वारीच जा. दांडेघरच्या नाक्यावर घाट संपतो.

पाचगणीत नाश्ता उरकला आणि निघालो. टेबललँड सगळ्यांचं पाहून झालेलं होतं.

भिलारला मात्र वळाच. मुख्य रस्त्यापासून थोडं आत आहे. ४ मे २०१७ ला हे राज्यातलं पुस्तकांचं गाव झालं: घराघरांत, देवळात, शाळेत पुस्तकांची कपाटं. एका घरी चरित्रं, दुसरीकडे कविता, कुठे इतिहास. घामेजलेल्या कपड्यांनी कुणाच्या ओसरीवर बसायला संकोच वाटत होता, घरच्या काकूंनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "बसा की, पुस्तकं काय पळून जात नाहीत." आमचा एक मित्र तिथे असा रुतला की त्याला उठवायला दोघं लागले.

भिलारच्या शिवारात त्या दिवसांत स्ट्रॉबेरीची लागवड चालू होती. गादीवाफे, त्यावर प्लास्टिकचा कागद, कागदाला भोकं आणि भोकात रोप. फळ यायला थंडी पडावी लागते. तेव्हा या दिवसांत रस्त्यावर 'ताजी स्ट्रॉबेरी विथ क्रीम' अशी पाटी दिसली तर ती फ्रीजरमधली आहे असं समजून, हौस असेल तर खा. आम्ही भाजलेली मक्याची कणसं खाल्ली.

पाचगणी ते महाबळेश्वर रस्ता खालीवर होत जातो आणि दमछाक खरी इथे होते, कारण घाट संपला असं मन मानून बसलेलं असतं. शिवाय दुपार. हस्ताचा पाऊस सकाळी मागमूस लागू देत नाही. दोन-तीनला ढग काळे होतात, गडगडाट होतो आणि अर्ध्या तासात चिंब. आमची गाठ वेण्णा तलावाच्या अलीकडे पडली. विजा चमकत असताना झाडाखाली उभं राहू नका; एखाद्या पक्क्या घरात शिरा. फोन आणि पैसे प्लास्टिकच्या पिशवीत, अंगात पातळ विंडचीटर, एवढं पुरतं. जाड रेनकोट घेऊन चढलात तर आतून घामानं भिजाल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून उन्हाआधी सातारा गाठायचं ठरवलं होतं. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी तो बेत मोडला. "दादा, केळघरनं जाताय ना? मग एवढी घाई कशाला? जरा ऊन पडू द्या, रस्ता वाळतोय तोवर." तासभर बसलो आणि बरं झालं. सावलीतल्या वळणांवर डांबर तरीही ओलंच होतं, कडेला शेवाळ, आणि पावसानं डोंगरावरून आणलेला मुरूम रस्त्यावर पसरलेला. पावसाळ्यानंतर हे घाटरस्ते कधी काय रूप दाखवतील सांगता येत नाही. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या भागातले घाट ठिकठिकाणी खचले होते. म्हणून निघण्यापूर्वी घाट चालू आहे का, हे मुक्कामाच्या ठिकाणी किंवा एसटी स्टँडवर विचारून घ्या.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेकनी वेग पाडायचा, वळणात ब्रेक मोकळे, सरळ आल्यावर पुन्हा थोडे. हात हँडलच्या खालच्या भागावर, बूड किंचित मागे. ज्यांच्या सायकलला डिस्क ब्रेक नाहीत त्यांनी दर दोन-तीन किलोमीटरला थांबावंच. आमच्या एका मित्राची रिम इतकी तापली होती की बोट टेकवताच चटका बसला. तशीच चालवली असती तर ट्यूब फुटायची भीती होती. दोन सायकलींत पन्नास पावलांचं अंतर ठेवा. एसटी वळणावर सगळा रस्ता घेते, तिला तो द्यायचा. वरच्या टप्प्यात गारव्यानं बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे हवेत.

केळघरला उतरलो की हवा एकदम बदलते. कोंदट, उबदार, आणि दोन्ही बाजूंना निसवलेल्या भाताचा वास. मेढ्यात पिठलं-भाकरी खाल्ली, बाटल्या भरल्या. मेढा ते सातारा पंचवीसेक किलोमीटर, अधूनमधून कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, पण सावली कमी. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, आणि नुसतं पाणी नको, चिमूटभर मीठ-साखर घाला.

साताऱ्याहून वाई महामार्गानं पस्तीसेक किलोमीटर: आनेवाडीचा टोलनाका, मग पाचवड, तिथून डावीकडे. हा तुकडा कंटाळवाणा आहे, ट्रक अंगाला घासून जातात. जिथे सेवारस्ता आहे तिथे त्यावरूनच जा, आणि अंधार पडायच्या आत पाचवड गाठा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. आमच्यातल्या दोघांनी साताऱ्यातच कंदी पेढे घेऊन सायकली टेम्पोत टाकल्या आणि मला त्यांचा निर्णय शहाणपणाचा वाटला. रेल्वेनं परतायचं असेल तर स्टेशन शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे, आणि सायकल आधी पार्सलात नोंदवावी लागते; तेवढा वेळ हाताशी ठेवा.

ही वाट उलटी करावी का, असं एकानं विचारलं. माझं मत, नको. केळघर उन्हात चढावा लागेल, आणि पसरणी नेमका संध्याकाळी, पर्यटकांच्या गाड्या खाली निघालेल्या असताना उतरावा लागेल.