जर्मनीत पुन्हा नर्स होताना

त्या सात पानी पत्रातला एकच शब्द मला डिक्शनरी न उघडता कळला. डेफिझिट. तूट. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग आणि त्यावर सहा वर्षं आयसीयू करून झाल्यावर जर्मनीतलं एक सरकारी कार्यालय मला कळवत होतं की माझ्या शिक्षणात तूट आहे. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे नापास का गं?"

नापास नाही. पासही नाही. आणि गंमत अशी, की व्हिसा याच पत्रावर मिळतो.

हे कळायला मला बरेच दिवस लागले, म्हणून इथे सविस्तर लिहिते. जर्मनीत नर्सिंग हा कायद्याने बांधलेला पेशा आहे. नुसती नोकरी मिळून भागत नाही, 'फ्लेगेफाखफ्राउ' हे पदनाम लावायला सरकारी परवानगी लागते. ती परवानगी केंद्र सरकार देत नाही, सोळा राज्यांपैकी तुमचं राज्य देतं. आपला अभ्यासक्रम ते त्यांच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून बघतात. त्यात किमान २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे. आपल्याकडे तास भरपूर असतात. पण वृद्धांची शुश्रूषा आणि घरी जाऊन करायची शुश्रूषा या रकान्यांसमोर माझ्या कॉलेजच्या कागदांत जवळजवळ काहीच नव्हतं. आमच्या वेळी म्हातारी माणसं हा वेगळा विषय नव्हता, ती मेडिसिन वॉर्डातच असायची. तूट भरून काढायचे दोन मार्ग पत्रात दिले होते: एक पूरक प्रशिक्षण, नाहीतर ज्ञानपरीक्षा, म्हणजे 'केंटनिसप्र्युफुंग'. यांपैकी एक पूर्ण करण्यासाठी म्हणून राहण्याचा परवाना मिळतो, जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम १६ड खाली. तूट निघाली नसती तर थेट नर्स. अभ्यासक्रम अगदीच वेगळा निघाला असता तर काहीच नाही. मी मधली.

पण पत्रापर्यंत पोचण्याआधी मला सिद्ध करावं लागलं की मी एकच बाई आहे.

दहावीच्या गुणपत्रिकेपासून नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीपर्यंत माझं मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. आणि लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं पहिलं नाव मी हौसेने हॉस्पिटलातही लावून घेतलं होतं, त्यामुळे अनुभवाच्या दाखल्यावर तिसरीच कोणीतरी. जर्मन कार्यालयातून ईमेल आली: या तीन व्यक्तींचं परस्परांशी नातं काय? हसू आलं, मग रडू आलं. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची सूचना, दोन्हींचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर, आणि हॉस्पिटलकडून पासपोर्टवरच्या नावाने नवा दाखला. यात अडीच महिने गेले. लग्न ठरलेल्या मैत्रिणींना मी आता आहेराऐवजी हा सल्ला देते, की नाव बदलायचं तर सगळीकडे बदला, नाहीतर कुठेच नको.

अपोस्टीलचं, म्हणजे कागदपत्रं परदेशात ग्राह्य धरावीत म्हणून आपलं सरकार मारतं त्या शिक्क्याचं, सांगायचं राहिलं. सगळे सांगतात करून घ्या, मीही पैसे भरून करून घेतलं. हा शिक्का एकमेकांत मान्य करायचा जो हेग करार आहे, त्याचा भारत सदस्य आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने या दोन देशांत अपोस्टील लागूच होत नाही. ते शिक्के फाइलमध्ये छान दिसतात, एवढंच.

पुढचं भराभर झालं, कारण ज्या वृद्धाश्रमाने मला घ्यायचं ठरवलं होतं त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जलदगती प्रक्रियेचे ४११ युरो भरले होते. हे पैसे मालकाने भरायचे असतात, आणि मग मान्यतेच्या कार्यालयाला उत्तरासाठी दोन महिन्यांची मुदत असते. मला ही नोकरी मिळवून देणाऱ्या एजन्सीने माझ्याकडून काही घेतलं नाही, पण करारात एक कलम होतं: तीन वर्षांच्या आत सोडून गेलीस तर खर्च परत. मी सही केली. तेव्हा कशावरही केली असती.

मार्च २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या एका लहान शहरात उतरले. आदल्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला होता. त्यामुळे घरच्यांना वाटलं, स्टेशनवर कोणीतरी हार घेऊन उभं असणार. उभा होता तो वृद्धाश्रमाचा केअरटेकर, हातात माझ्या नावाचा कागद. नाव चुकलेलं.

जर्मन भाषेची बी२ पातळीची परीक्षा पास होऊन गेले होते, तरी पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी 'फूस' दुखतो म्हणून सांगितलं आणि मी त्यांचं पाऊल तपासत बसले. दुखत होती मांडी. इथल्या श्वाबिश बोलीत 'फूस' म्हणजे कमरेपासून खाली सगळा पाय. तसंच 'हेबन' म्हणजे पुस्तकात उचलणे, इथे धरून ठेवणे. सहकारी म्हणाली, बेसिन हेबन कर, मी उचलून बाथरूममध्ये घेऊन गेले. पेशंट साबण लावलेला, बसलेला. अशा चुका मी दोन महिने केल्या.

त्या काळात मी कागदावर हेल्पर होते. आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या मला आमच्या आश्रमात गोळ्यांची डबी उघडायची परवानगी नव्हती. अंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं, नोंदी करणं. आपल्याकडे हे काम नातेवाईक किंवा मावशी करतात, हे कोणी उघड बोलत नाही पण प्रत्येक भारतीय नर्सच्या पोटात ते सलतं. मलाही सललं. तिथल्या नर्सेस मात्र हेच काम नर्सिंगचा गाभा मानतात. वृद्धसेवेतल्या किमान वेतनाप्रमाणे मे २०२४ पासून हेल्परला तासाला १५.५० युरो आणि नर्सला १९.५०. फरक चार युरोचा, पण महिन्याच्या शेवटी कर्जाचा हप्ता त्या फरकातच अडकलेला.

ज्ञानपरीक्षा मी पहिल्यांदा दिली फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्यात तोंडी भाग पास झाले. प्रात्यक्षिकात मी नापास झाले.

का नापास झाले ते सांगते, कारण मला वाटतं आपल्यातल्या बऱ्याच जणी इथेच अडकतात. मला दिलेले आजोबा पक्षाघाताचे, उजवा हात अशक्त. मी शुश्रूषेचा आराखडा नीट लिहिला, बेडसोरचा धोका मोजला, पडण्याचा धोका लिहिला, पलंग कमरेच्या उंचीला घेतला. मग सराईतपणे त्यांचं तोंड पुसलं, शर्ट घातला, सहा बटणं लावली. दहा मिनिटांत सगळं आटपलं. मनातून खूश होते. परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "त्यांच्या डाव्या हाताला काय झालंय?"

काहीच झालं नव्हतं. आराखड्यात मीच लिहिलं होतं की डावा हात चांगला चालतो.

आपल्याला लहानपणापासून शिकवतात की सेवा म्हणजे दुसऱ्यासाठी करणं. इथे पेशंटला जे जमतं ते तुम्ही केलंत तर ती चूक धरतात, कारण उद्या त्याला ते जमेनासं होईल. वाचलं होतं मी हे, बी२च्या पुस्तकातसुद्धा धडा होता. हाताला माहीत नव्हतं. राहिलेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. तोही गेला असता तर परतीचं तिकीट.

आमच्या आश्रमातल्या, शिकाऊ मुलींना तयार करणाऱ्या ज्येष्ठ नर्सने मग मला चार महिने रोज सकाळी एकच गोष्ट करायला लावली. हात पाठीमागे बांधून उभी राहा. आजोबा बटण लावतायत, चुकतायत, पुन्हा लावतायत. एका शर्टाला चौदा मिनिटं. बाहेर बेल वाजतेय, कामं तुंबलेली. मला वाटायचं मी कामचुकारपणा करतेय.

जूनमध्ये पास झाले. पण पास झालं म्हणजे नर्स झालं असं नाही. पुन्हा अर्ज, डॉक्टरचा दाखला, पोलिसांकडचा दाखला, आणि मग ऑगस्टमध्ये जाड कागदावरची 'उर्कुंडे', म्हणजे पदनामाची सनद. जुलैपासून किमान दर वाढले होते, हेल्पर १६.१० आणि नर्स २०.५०, त्यामुळे त्या कागदाची किंमत तासाला चार युरो चाळीस सेंट झाली होती. सनदेवर माझं नाव बरोबर आहे. मी तीनदा वाचलं.

पदनामाचं म्हणाल तर, 'श्वेस्टर' म्हणजे सिस्टर हा शब्द पदनामातून २००४ मध्येच गेला. आजी-आजोबा अजून हाक मारतात ती 'श्वेस्टर' अशीच. मला बरं वाटतं, वॉर्डात असल्यासारखं. तरुण जर्मन सहकारी मात्र वैतागतात, आणि त्यांचंही खरं आहे, त्या तीन वर्षं शिकून आलेल्या असतात.

सनद घेऊन पुन्हा परदेशी नागरिक कार्यालयात गेले. जुनं कार्ड कलम १६डचं, आता १८अ, म्हणजे कुशल कामगाराचं. खिडकीतल्या बाईंना विचारलं, कायमच्या परवान्यासाठी तीन वर्षं लागतात ना, त्यात माझं आत्तापर्यंतचं दीड वर्ष धरणार का? त्या म्हणाल्या, नाही, हेल्पर म्हणून होतात ते धरत नाहीत, कुशल कामगाराचं कार्ड मिळतं त्या दिवसापासून मोजायचं. नवं कार्ड ऑक्टोबरमध्ये आलं. घरी जाऊन फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनाने लिहिलं, ऑक्टोबर २०२८, आणि दुपारच्या ड्यूटीला निघाले.