यीस्टकडून चंदन

रबाळे एमआयडीसीतील प्रयोगशाळेतून ऐरोलीला घरी परतले की आई दारातच विचारते, "आज पुन्हा पावाच्या भट्टीत होतीस का गं?" फर्मेंटरचा, म्हणजे यीस्ट वाढवायच्या टाकीचा, आंबूस वास कपड्यांना धरून बसलेला असतो, त्यामुळे साखरेवर वाढणाऱ्या त्याच यीस्टकडून आम्ही चंदनाचा गंध काढू पाहतो, हे तिला सहजी पटत नाही.

चंदनतेलाचा गंध मुख्यतः अल्फा आणि बीटा सॅन्टॅलॉल या रेणूंचा असतो आणि झाडाच्या गाभ्यात ते पुरेसे साठायला अनेक वर्षे जातात. यीस्ट मात्र साखर मोडून 15 कार्बनांची साखळी असलेला फार्नेसिल पायरोफॉस्फेट हा रेणू एरवीही तयार करतच असते. चंदनाच्या झाडातील एका एन्झाइमचे जनुक त्यात घातले की या साखळीपासून सॅन्टॅलीन बनते आणि दुसरे एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडून सॅन्टॅलॉल करते. सांगायला हे सोपे आहे. करताना ही दुसरी पायरी फार रडवते.

त्याहून मोठी ओढाताण कच्च्या मालाची आहे. यीस्ट या साखळ्या स्वतःसाठी बनवते. दोन जोडून स्क्वालीन आणि पुढे एर्गोस्टेरॉल घडवते, ज्यावाचून त्याच्या पेशीचे आवरण टिकत नाही. ती वाट पूर्ण बंद केली तर यीस्ट मरते आणि मोकळी सोडली तर आमच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून स्क्वालीन घडवणाऱ्या ईआरजी 9 या जनुकाला असा प्रवर्तक, म्हणजे जनुकाचे काम कमी-जास्त करणारा डीएनएचा तुकडा, जोडतात, की माध्यमात मेथिओनिन हे अमिनो आम्ल टाकल्यावर त्याचे काम मंदावते. मलेरियाच्या औषधासाठी लागणारे आर्टेमिसिनिक आम्ल यीस्टमध्ये बनवताना 2006 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हीच युक्ती वापरली होती.

साखरही हात राखूनच द्यावी लागते, कारण ती एकदम ओतली तर भरपूर हवा असूनही यीस्ट मद्यार्क करत बसते. शिवाय वरून डोडेकेन या तेलासारख्या द्रवाचा थर सोडतात. तयार झालेला माल त्यात उतरतो आणि हवेबरोबर उडून जात नाही. खोलीत छान वास दरवळला की नवशिके खूश होतात, मी मात्र आधी नळ्यांचे सांधे तपासते.

गेल्या महिन्यात शुद्ध केलेल्या नमुन्याचा एक थेंब कागदाच्या पट्टीवर घेऊन घरी आणला. सहाणेवर रोज खोड उगाळणाऱ्या आईने तो दोनदा हुंगला आणि म्हणाली, "चंदनच आहे, पण ह्याला लाकूड नाही." आमच्या नमुन्यात जवळजवळ फक्त सॅन्टॅलॉलच होते, खोडातले बाकीचे रेणू त्यात नव्हतेच.