वांगी नव्हेत, लोणी

बारावीतली माझी भाची सध्या संध्याकाळी मराठीचा अभ्यास करायला माझ्याकडे येते. म्हणजे अभ्यास ती करते, मी चहा करते. परवा अलंकारांवर गाडी अडली. "उपमेयाचा निषेध करून ते उपमानच आहे असं सांगणं म्हणजे अपन्हुती," तिने एका दमात म्हणून दाखवलं आणि वही मिटली. (उपमेय म्हणजे ज्याचं वर्णन करायचं ते, उपमान म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते.) "पण मावशी, असं बोलतं कोण?"

मला काही सुचेना. भाजी आणायचीच होती, म्हटलं, चल मंडईत.

मंडईच्या त्या अष्टकोनी इमारतीबाहेर आमचा ठरलेला भाजीवाला बसतो. काटेरी देठांची छोटी वांगी मांडून तो ओरडत होता, "ताई, वांगी नाहीत ही, लोणी आहे लोणी!"

भाची जागच्या जागी थांबली. मी तिला कोपराने ढोसलं.

परतताना तोच खेळ झाला. 'लोण्यासारखी मऊ' म्हणाला असता तर साधी उपमा. वांगं या तीरावर, लोणी त्या तीरावर आणि मध्ये 'सारखी'चा पूल. 'जणू लोणीच' म्हटलं की उत्प्रेक्षा, पण त्या 'जणू'मध्ये थोडी शंका राहते आणि ती विकणाऱ्याला परवडत नाही. 'लोण्यालाही लाजवतील' म्हणाला असता तर व्यतिरेक. मराठीला अमृताशी पैज लावायला उभं करून ज्ञानेश्वरांनी तिला जिंकवलं, ते याच वाटेने. आमच्या भाजीवाल्याने या सगळ्यांना मागे टाकून थेट अपन्हुती गाठली होती. दर मात्र वांग्याचाच लावला, हे त्याचे उपकार. (घरी चिरल्यावर दोन किडकी निघाली. ती स्वभावोक्ती, म्हणजे जे जसं आहे तसं.)

सोसायटीच्या फाटकावर कुणीतरी नवी पाटी लावली होती : 'येथे गाडी लावून आम्हाला दिवसभर घरी बसण्याची संधी दिल्याबद्दल आभारी आहोत.' भाची म्हणाली, "व्याजस्तुती!" वरून स्तुती, आतून टोमणा; मला सांगावं लागलं नाही. पुण्यात वाढलेल्या मुलीला हा अलंकार वेगळा शिकवायची गरज नसावी.

मला खरं तर 'अलंकार' या शब्दाबद्दलच तक्रार आहे. भरतमुनींनी चारच सांगितले होते : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी ही संख्या शंभराच्या पार नेली. एवढे नमुने लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडे तरी असतील का? पण दागिना रात्री काढून डबीत ठेवता येतो. भाषेतला काढून पाहा. जेवताना भाची म्हणाली, "पोटात कावळे ओरडतायत." म्हटलं, अलंकार उतरवून सांग. "भूक लागली." आणि भूक काय दगड आहे लागायला? ऊन पडतं, पाऊस येतो, खुर्चीला हात असतात, बाटलीला तोंड असतं. लकडी पुलात आता लाकूड राहिलेलं नाही, तरी आपण त्याच नावाने रिक्षा थांबवतो, तसंच हे.

"म्हणजे हे सगळं गंमत म्हणूनच," ती म्हणाली.

खिडकीतून पर्वतीवरचे दिवे दिसत होते. मला एक पत्र आठवलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, आणि त्याची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली असं सांगतात. त्यात ना लढाईचा शब्द होता, ना मेलेल्या माणसाचं नाव. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, एवढंच. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. एक चुलतभाऊ, दुसरा पोटचा मुलगा. उपमेय पार गिळून टाकायचं आणि उपमान तेवढं ठेवायचं, याला शास्त्रात रूपकातिशयोक्ती म्हणतात. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब या समोरच्या पर्वतीवर वारले.

"आणि खुर्दा म्हणजे?" तिने विचारलं.

"चिल्लर. सुटी नाणी."

"म्हणजे बाकीची सगळी माणसं?"

"हो."

ती थोडा वेळ पर्वतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे पेपरात नको लिहायला." वही उघडून तिने अपन्हुतीखाली वांग्यांचं उदाहरण लिहिलं.