रहीमसाहेब

"आपल्याला फुटबॉल कधी जमलंच नाही," मॅच बघताना शेजारी बसलेला मुलगा सहज बोलून गेला. दिवसभर ते डोक्यातून जाईना.

१९६२, जकार्ताचं एशियाड. आपला बचावपटू जर्नेल सिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बसवून ठेवलं नाही, थेट सेंटर फॉरवर्डला, म्हणजे गोल मारायला सर्वांत पुढे, उभं केलं. केवढं धाडस! आणि त्याच पठ्ठ्यानं फायनलमध्ये गोल मारला. दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण आपण आणलं.

१९५१चं सुवर्ण, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, हेही रहीमसाहेबांच्याच हाताखाली. १९६३ मध्ये कॅन्सरनं ते गेले.

एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आपल्याला मिळालेलं नाही. तुम्ही त्यांचं नाव पहिल्यांदा कधी ऐकलंत?