रोल गेला आणि कॉपीचा दरही

आमचा फोटो स्टुडिओ कराडचा. लग्नात आम्ही मेहनतीचे पैसे कधी मागितलेच नाहीत. मागितले ते कॉपीचे. फिल्मचे इतके रोल, इतक्या कॉप्या म्हणजे छापील फोटो, एका कॉपीला इतके. मेहनत त्यातच आली. छत्तीस फोटोंचा रोल कॅमेऱ्यात हात राखून चढवला की अडतीस फोटो द्यायचा, ते वरचे दोन म्हणजे आपली कमाई! मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत नवा रोल पडलाच पाहिजे, म्हणून जुन्यातल्या उरलेल्या फ्रेम मामामंडळींच्या ग्रुपवर उडवायच्या. ऐन 'सावधान'ला रोल संपला तर मुलीचा बाप जन्मात विसरणार नाही.

2004 मध्ये निकॉनचा डी 70 हा डिजिटल कॅमेरा आला, सहा मेगापिक्सेलचा. तो घेतला आणि पहिल्याच सीझनला गिऱ्हाईक म्हणालं, "आता रोल नाही ना? मग पैसे कशाचे घेता?"

प्रश्न बिनतोड होता. रोल आणि धुलाई वाचली खरी, पण तो खर्च दिसायचा. रात्र रात्र कॉम्प्युटरपुढे बसून केलेलं कलर करेक्शन कुणाला दिसतंय? फोटोशॉप मी लॅबमधल्या ऑपरेटरशेजारी बसून शिकलो. खरी गोची पुढेच झाली. फोटो फुकट म्हणून दोन-दोन हजार निघायचे आणि निवडायला कुणाला सवड नसायची. नवरी सासरी, सीडी माहेरी. सिलेक्शन लटकलं की अल्बम लटकला, अल्बम लटकला की पैशांची बाकीही लटकली. शेवटी नियमच केला: निम्मे पैसे बुकिंगला, उरलेले पैसे फोटो हातात देताना. महिन्यात सिलेक्शन आलं नाही तर निवड माझी.

दुकानाचं भाडं मात्र पासपोर्ट फोटोंवर निघायचं, तेही गेलं. लोक मोबाईलला बोल लावतात. मला तसं वाटत नाही. 2010 ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, त्यात फोटो नोंदणीच्या टेबलावरच काढतात. पासपोर्ट सेवा केंद्रातही तेच. फॉर्मला फोटो चिकटवायचाच नाही म्हटल्यावर आमच्याकडे येणार कोण?

हल्ली दरपत्रकात सर्वांत वर शूटिंगचा दिवस, मग एडिटिंग, मग बारा बाय छत्तीस इंची करिझ्मा अल्बमची, म्हणजे फोटो थेट पानावरच छापलेल्या अल्बमची, पानं. कॉपीचा दर तळाला. घासाघीस पानांवर होते, तिथं दोन पानं मी सोडतोही. दिवसाच्या दरावर हलत नाही.