माळव्यात द्राक्षबागेसाठी जमीन पाहताना

इंदूरच्या आसपास शेतजमिनीची प्रत ठरते ती काळ्या मातीच्या खोलीवरून. गहू, हरभरा आणि सोयाबीनसाठी ही कसोटी योग्यच आहे. परंतु व्यापारी द्राक्षबागेसाठी जमीन घ्यायची असेल तर ही कसोटी बाजूला ठेवावी, असे माझे ठाम मत झाले आहे. आमच्या नात्यातील काही मंडळी सध्या महू ते मानपूर या पट्ट्यात जमीन पाहत आहेत. त्यांच्यासोबत हिंडताना, आणि नाशिक जिल्ह्यात निफाडकडे द्राक्षशेती करणाऱ्या माझ्या मावसभावाशी बोलताना जे पक्के होत गेले, ते येथे मांडत आहे.

माळव्याला द्राक्ष नवे नाही. ‘आइन-ए-अकबरी’त माळवा सुभ्याचे वर्णन करताना हासिलपूर येथे द्राक्षवेल वर्षातून दोनदा फळते अशी नोंद केलेली आहे, आणि आज रतलाम जिल्ह्यातही द्राक्षबागा आहेत. आपल्याकडची थंडी वेलीला पूर्ण सुप्तावस्थेत नेण्याइतकी कडक नसल्यामुळे वेल कधी फुटेल हे मुख्यतः छाटणीवर अवलंबून असते. म्हणूनच नाशिक-सांगलीकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नवी काडी तयार होण्यासाठी) आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी (घड येण्यासाठी) करून पावसाळा व कडक उन्हाळा यांच्या मधल्या काळात एकच पीक घेतले जाते. जागा पाहणे म्हणजे या वेळापत्रकाच्या प्रत्येक टप्प्यावर ती जमीन बागेला साथ देईल का, हे तपासणे होय.

आपली खोल काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि पांढरी मुळे कुजतात. याहूनही मोठी अडचण परतीच्या पावसाची आहे. फळछाटणीनंतर कोवळी फूट बाहेर पडत असताना पाऊस झाला तर केवडा या बुरशीजन्य रोगाची लागण रोखण्यासाठी फवारणी वेळेवर व्हावी लागते. खोल काळ्या रानात वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, ट्रॅक्टर आत जाऊ शकत नाही, आणि तेवढ्या अवधीत रोग घडापर्यंत पोहोचतो. डॉगरिजसारखा खुंट (ज्यावर द्राक्षाचे कलम करतात ती मुळांची जात) वापरला तर पाण्याची टंचाई आणि क्षार काही प्रमाणात सोसले जातात, बोद (वेलींच्या ओळींखालचे मातीचे वरंबे) उंच केले तर थोडा निचराही सुधारतो, परंतु मुळात निचरा नसलेली जमीन या उपायांनी द्राक्षाची होत नाही. मानपूरच्या बाजूला विंध्याच्या कडेने उताराच्या, हलक्या, खाली मुरूम लागणाऱ्या जमिनी आहेत. गव्हासाठी त्या दुय्यम मानल्या जातात, पण द्राक्षासाठी मी प्रथम त्याच पाहीन. शेतात दोन-तीन ठिकाणी निदान एक मीटर खोल खड्डे घ्यावेत, ते पाण्याने भरावेत आणि दुसऱ्या दिवशी पातळी किती उतरली ते पाहावे; ही परीक्षा पावसाळ्यात केली तर अधिक खरी ठरते. खालच्या थरात चुनखडी असेल तर त्या थराचेही वेगळे माती परीक्षण करून घ्यावे, कारण मुक्त चुना जास्त असला की वेलीला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात.

उताराचा दुसरा लाभ थंडीत कळतो. स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली सरकते आणि नाल्याकाठच्या खोलगट भागात साचते. निफाडसारख्या ठिकाणीही पारा पाच अंशांच्या खाली गेला की बागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात. माळव्यात जानेवारीत दंव गोठून बटाटा आणि हरभरा करपलेला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. थंडीने मण्यांची फुगवण मंदावते, आणि दंव गोठले तर पाने व घड दोन्ही जातात. विमानतळावरच्या वेधशाळेचे तापमान एखाद्या विशिष्ट शेताला लागू पडत नाही, म्हणून व्यवहारापूर्वी एका हिवाळ्यात त्याच शेताच्या वरच्या आणि खालच्या टोकाला किमान तापमापक लावून नोंदी घेणे मला अत्यावश्यक वाटते.

शेजारी कोणते पीक आहे, या प्रश्नाकडे जमीन पाहणारे सहसा लक्षच देत नाहीत, आणि मला त्याची सर्वांत अधिक काळजी वाटते. गव्हातील रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी हे तणनाशक मारले जाते, आणि द्राक्षवेल या औषधाला अतिशय संवेदनशील आहे. गव्हात ही फवारणी होते नेमकी त्या दिवसांत, जेव्हा फळछाटणीनंतरची फूट कोवळी असते किंवा घड आकार घेत असतात. वाऱ्याबरोबर आलेल्या अल्प अंशानेही पाने पंख्यासारखी आखडतात आणि फळधारणेवर परिणाम होतो. चारही बाजूंनी गहू असलेला तुकडा मातीने कितीही उत्तम असला तरी, शेजाऱ्यांशी आधी स्पष्ट बोलणे झाल्याशिवाय आणि वाऱ्याच्या दिशेला दाट झाडांची पट्टी लावण्याइतकी जागा असल्याशिवाय तो घेऊ नये.

मजूर, रस्ता आणि बाजार यांबाबत हा पट्टा सोयीचा आहे: आग्रा-मुंबई महामार्ग जवळ आहे आणि इंदूरची चोइथराम फळ-भाजी मंडीही फार लांब नाही. वाइनची द्राक्षे लावायची असतील तर मात्र खरेदीदार आधी ठरला पाहिजे, कारण ती मंडीत खपत नाहीत.

उरतो पाण्याचा प्रश्न. विकणारा मनुष्य विहीर दाखवतो ती बहुधा हिवाळ्यात, जेव्हा ती भरलेली असते. खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, काडीवरील डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपाने तयार होतात. त्या काळात पाणी तुटले तर पुढील हंगामात वेल हिरवीगार फुटते, परंतु घड निघत नाहीत. त्यामुळे नात्यातील मंडळींना मी इतकेच सांगितले आहे की मानपूरकडचा उताराचा तुकडा पसंत असला तरी मे महिन्यात तेथील विहीर आणि बोअर सलग उपसून किती पाणी टिकते ते मोजावे, त्याच पाण्याचा नमुना क्षार, सोडियम आणि क्लोराइड यांसाठी तपासून घ्यावा, आणि रजिस्ट्रीची तारीख त्यानंतरच ठरवावी.